चौथे पोते टाकावे का? भातशेती, युरिया आणि थकलेली जमीन

काळीवाला · ९ जून

सभासदहो, नमस्कार. बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारात आमची पावणेदोन एकर काळी जमीन आहे. पावसाळ्यात भात आणि भात कापल्यावर त्याच ओलीवर मसूर किंवा वाटाणा, असा आजोबांपासूनचा क्रम आहे. वडिलांची एक जुनी वही परवा हाती लागली. तिच्यात १९९४ सालची नोंद अशी आहे: एकरी एक पोते युरिया, एक पोते डीएपी आणि दहा-बारा गाड्या शेणखत. मी आज एकरी तीन पोती युरिया आणि दीड पोते डीएपी टाकतो, घरचे शेणखत बैलजोडीबरोबरच संपले, आणि उतारा मात्र वहीतल्या आकड्याच्या आसपासच घुटमळतो आहे. वाण तर तेव्हापेक्षा सुधारित आहे. दुकानदाराचे म्हणणे असे की जमिनीला खताची सवय लागली आहे, म्हणून यंदा चौथे पोते टाकावे. शेजारचे काका म्हणतात की खताने जमीन मेली आहे, म्हणून युरिया कायमचा बंद करावा. रोप लावणीला अजून महिना आहे. कोणाचे ऐकावे?

बांधावरचा पाहुणा · ९ जून

जमिनीला लागलेल्या सवयीवर उपाय निघेल. दुकानदाराला लागलेल्या सवयीवर काय करायचे, तेही कोणी सांगावे. शिवाय आमच्याकडे ‘उतारा’ म्हटले की माणूस आधी तलाठ्याकडे धावतो, तेव्हा येथे पिकाचा उतारा अभिप्रेत आहे हे शीर्षकात लिहिले असते तर बरे झाले असते.

रानमोगरा · ९ जून

तुमच्या काकांचेच ऐका. माझे आजोळ उचगावचे. लहानपणी आजोळी भात शिजत असला की त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा; आज पुण्यात ‘बेळगाव बासमती’ असे छापलेली पिशवी आणतो, तर पातेल्यावर वाकूनही वास येत नाही. ही सगळी युरियाची करणी आहे. युरिया हे मातीतल्या जिवांना विषच आहे. दोन-तीन वर्षे उत्पन्न कमी येईल ते सोसा, पण बंद करा.

हिशेबनीस · ९ जून

विष की अमृत हे ठरवण्याआधी वजन करू. १९९४ चे युरियाचे पोते ५० किलोचे होते, २०१८ पासून ते ४५ किलोचे झाले, त्यामुळे पोत्यास पोते लावून तुलना होत नाही. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असते, डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस). वडिलांच्या हिशेबाने एकरी नत्र २३ अधिक ९, म्हणजे ३२ किलो पडत होते, शेणखत वेगळे. तुमचे आज ६२ अधिक साडेतेरा, म्हणजे साडेपंचाहत्तर किलो पडते. सुधारित भाताला साधारणपणे हेक्टरी १००:५०:५० अशी नत्र, स्फुरद, पालाशाची शिफारस असते, ती एकरी ४०:२०:२० होते. म्हणजे तुम्ही आजच दुपटीला टेकला आहात, आणि चौथे पोते टाकले तर एकरी ९६ किलोवर जाल. स्फुरदही वीसच्या जागी साडेचौतीस पडते. पालाशाच्या, म्हणजे पोटॅशच्या, रकान्यात मात्र तुम्ही काहीच लिहिलेले नाही. लिहायचे राहिले, की टाकतच नाही?

काळीवाला · १० जून

टाकत नाही. वडीलही टाकत नव्हते. काळ्या जमिनीत पोटॅश मुळातच भरपूर असते, असे ऐकत आलो आहे. आणि खरे सांगायचे तर युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते, डीएपी साडेतेराशेला, आणि पोटॅश त्याहून महाग. हाताला स्वस्त तेच लागते.

पिंजरवाली · १० जून

काळीवाला दादा, तुमचे पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, कोठे जाते ते सांगा. मी विचारते, कारण ते बहुधा माझ्याकडेच येते. वडगावात माझ्या सहा म्हशी आहेत आणि दर सुगीत मी तुमच्या भागातून पिंजराच्या ट्रॉल्या विकत घेते. पूर्वी प्रत्येकाच्या परड्यात गंजी असायची, बैल ते पिंजर खायचे, उरलेसुरले त्यांच्या पायाखाली जाऊन शेणामुतात भिजायचे आणि चैत्रात तेच सगळे गाडीत भरून शेतात परतायचे. आता मळणी झाल्या दिवशीच ट्रॉली रस्त्याला लागते. माझ्या गोठ्यातले शेण ऊसवाले घेऊन जातात, कारण ते रोख पैसे देतात आणि भातवाले विचारायलाही येत नाहीत. म्हणजे तुमच्या शेताचा कस माझ्या गोठ्यातून दुसऱ्याच्या उसात जातो आहे. माझा यात फायदाच आहे, तरी सांगून टाकले.

मातीचा विद्यार्थी · १० जून

पिंजरवाली ताईंनी एका परिच्छेदात जे सांगितले, ते सांगायला आम्हाला धारवाडच्या कृषी विद्यापीठात एक अख्खे सत्र लागले होते. मी त्याला फक्त आकड्यांची जोड देतो. भाताच्या पिकाने उचललेल्या पालाशाचा फार मोठा भाग दाण्यात नव्हे, पिंजरात असतो. एक टन वाळलेल्या पिंजरात साधारण १४ ते २० किलो पालाश असते. एकरी अडीच टन पिंजर निघाले असे धरले, तर ३५ ते ५० किलो पालाश दर वर्षी ट्रॉलीत बसून वडगावला जाते. पोटॅशच्या खतात ६० टक्के पालाश असते, म्हणजे हे एक ते दीड पोत्याच्या थोडे वरच झाले. काळ्या मातीचा साठा मोठा असतो हे खरे, म्हणूनच तीस वर्षे काही जाणवले नसेल. पण साठा म्हणजे झरा नव्हे.

आता विषाच्या मुद्द्याकडे येतो. रानमोगरा, रागावू नका, पण दीर्घकाळच्या प्रयोगांतून तसे दिसत नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० पासून देशभर निरनिराळ्या मातींत दीर्घकालीन खत प्रयोग चालवले आहेत; त्याच तुकड्यात, तेच खत, वर्षानुवर्षे. त्यांत नुसते नत्र दिलेले तुकडे मागे पडत गेले, आणि हिमाचलातल्या पालमपूरच्या आम्लधर्मी मातीत तर मका-गव्हाचे उत्पन्न जवळजवळ शून्यावर आले. नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही प्रमाणात दिलेले तुकडे बऱ्याच ठिकाणी तगून राहिले, आणि त्यांच्या जोडीला शेणखत दिलेले तुकडे सर्वांत सरस ठरले. म्हणजे दोष खताच्या गोणीत नाही, एकच गोणी पुन्हा पुन्हा उघडण्यात आहे.

भाताचेच उदाहरण हवे असेल तर फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे घ्या. तेथे एका शेतात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून भातामागून भात घेतला जातो, आणि १९६८ पासून वर्षाला तीन पिके. १९९० च्या सुमारापर्यंत तेथील उत्पन्न हळूहळू घसरत गेले, आणि गंमत अशी की मातीतला सेंद्रिय भाग काही कमी झालेला नव्हता. जमीन सतत पाण्याखाली राहिल्याने त्या सेंद्रिय भागातले नत्र पिकाला सुटेनासे झाले होते. नत्र देण्याच्या वेळा बदलल्या, मध्ये जमीन सुकू दिली, तेव्हा उत्पन्न पुन्हा सावरले. काळीवाला, तुमची जमीन मसुराच्या दिवसांत सुकते, भेगाळते, हे तुमचे भाग्य समजा.

रानमोगरा · १० जून

रागावलो नाही. पण मग वास कोठे गेला?

मातीचा विद्यार्थी · १० जून

त्यातला बराचसा पिशवी भरणाऱ्याकडे गेला असेल. विनोद सोडा, देशी सुवासिक वाण उंच वाढणारे असतात, त्यांना जास्त नत्र दिले की ते लोळतात, म्हणून लोकांनी वाणच बदलले. वास वाणाचा असतो. नुसता युरिया बंद करून तो परत येणार नाही.

नाल्याकाठी · ११ जून

आमचे शेत बळ्ळारी नाल्याला लागून आहे. नाल्याचे पाणी दर पावसाळ्यात शिवारात पसरते आणि त्याच्याबरोबर शहराचे सांडपाणीही येते. आम्ही एका वर्षी हट्टाने इतरांइतकाच युरिया टाकला, तर भात कमरेपर्यंत हिरवागार वाढला, बघणारे बांधावर थांबून कौतुक करू लागले, आणि ओंब्या धरल्यावर एका रात्रीच्या पावसात सगळे आडवे झाले. सांडपाण्यातूनच नत्र येते, हे तेव्हा कळले. त्यामुळे एकरी किती पोती हा प्रश्न सगळ्या शिवाराला एकदम विचारता येत नाही.

काळीवाला, तुम्ही माती तपासली आहे का? शासनाची मृदा आरोग्य पत्रिका असेलच.

काळीवाला · ११ जून

आहे. ‘मण्णु आरोग्य चीटी’ असे वर लिहिले आहे आणि खाली सगळे कन्नडमध्ये. मुलीला कन्नड वाचता येते, तिने वाचून दाखवले. पण आमच्या आणि शेजारच्या काकांच्या पत्रिकेत दशांशापर्यंत तेच आकडे निघाले. काका गेली पाच वर्षे युरियाला शिवत नाहीत, तरीही.

बांधावरचा पाहुणा · ११ जून

म्हणजे सरकारने तुम्हा दोघांचे भांडण पाच वर्षांपूर्वीच मिटवले होते, तुम्ही वाचले नाहीत.

मातीचा विद्यार्थी · ११ जून

त्यात लबाडी असेलच असे नाही. ती योजना २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरांना एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक नमुना, असे चौकोन पाडले होते. एका चौकोनातल्या सर्वांना एकच निकाल. तुमच्यापुरते खरे हवे असेल तर नमुना स्वतः घ्या. सुगीनंतर, खत टाकण्याआधी, शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत एकसारखी खरवडावी, सगळी एकत्र करून सावलीत वाळवावी आणि तिचे चार भाग करत करत अर्धा किलो ठेवावी. बांधाजवळची, झाडाखालची आणि जेथे शेणखताचा ढीग पडला होता तेथली माती घेऊ नये. सूक्ष्म अन्नद्रव्ये, विशेषतः जस्त, तपासून मागा.

जांभाकाठ · १२ जून

हे सगळे काळ्या जमिनीचे चालले आहे. आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात जांभ्याची तांबडी माती आहे आणि पाऊस असा की बांधावर उभे राहिले तर खत वाहून जाताना डोळ्यांना दिसते. आमच्याकडे जमीन आम्ल आहे, स्फुरद लोहाशी बांधले जाते, आणि खोलगट खाचरात पाणी तुंबले की भाताची पाने तांबूस, करपल्यासारखी होतात. त्याला रोग समजून आम्ही दोन वर्षे फवारण्या केल्या. शेवटी एका जाणत्याने सांगितले की ही लोहाची बाधा आहे. पाणी काढून खाचर चार दिवस सुकू द्या, फवाऱ्याला हात लावू नका. तसे केले आणि नवी पाने हिरवी आली. तेव्हापासून उन्हाळ्यात थोडा चुनाही टाकतो. माझे म्हणणे इतकेच की येळ्ळूरचा सल्ला कणकुंबीला नेऊ नये.

हिशेबनीस · १२ जून

मान्य. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. भातखाचरात टाकलेल्या युरियातले जेमतेम ३० ते ४० टक्के नत्र पिकाला मिळते. बाकीचे जाते कोठे, हे विद्यार्थी सांगतील.

मातीचा विद्यार्थी · १२ जून

तीन वाटांनी जाते. पाण्यावर फेकलेला युरिया दोन-चार दिवसांत अमोनियाच्या रूपात येतो. दुपारच्या उन्हात पाण्यातले शेवाळ पाण्याचा सामू (पीएच) वाढवते आणि अमोनिया वायू होऊन उडतो. काळ्या जमिनीत हे जास्त. दुसरी वाट अशी की चिखलाच्या वरच्या पातळ, हवा मिळणाऱ्या थरात त्याचे नायट्रेट होते, ते खाली हवाबंद थरात झिरपते आणि तेथे त्याचा नत्रवायू होऊन हवेत परततो. तिसरी वाट जांभाकाठ यांनी पाहिलेली: बांध फुटून ओढ्याला. म्हणून वरखत देताना आधी पाणी काढून चिखल उघडा करावा, युरिया टाकावा, कोळपून मातीत मिसळावा आणि मग एक-दोन दिवसांनी पाणी बांधावे. आभाळ भरून आलेले असताना टाकू नये, हे सांगायला नकोच. तरी दर वर्षी मी तेच पाहतो.

चंदगडकर · १३ जून

सीमेच्या अलीकडून, महाराष्ट्रातून लिहितो. आमच्याकडे काही जण चारसूत्री पद्धतीने लावण करतात. डॉ. ना. कृ. सावंत यांनी कोकणातल्या भातासाठी ती बसवली. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, चिखलणीत गिरीपुष्पाचा कोवळा पाला, १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतराने लावण, आणि चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधल्या चौकोनात युरिया-डीएपीची पावणेतीन ग्रॅमची गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. गुंठ्याला ६२५ गोळ्या लागतात, म्हणजे सुमारे पावणेदोन किलो. गोळी चिखलाच्या पोटात असल्याने वर सांगितलेल्या तिन्ही वाटा बऱ्याच बंद होतात. अडचण खताची नाही, हातांची आहे. आमच्या बायका म्हणाल्या, “रोप लावताना वाकायचे ते एकदाच, पुन्हा गोळ्या पुरायला वाकणार नाही.” मी स्वतः पाच गुंठ्यांच्या गोळ्या खोचल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांचे म्हणणे मला पटले.

नाल्याकाठी · १३ जून

फवारायच्या नॅनो युरियाबद्दल कोणीच कसे बोलत नाही? कृषी पत्तीन (सहकारी पत) सोसायटीत पोत्याबरोबर त्याची बाटली घ्यावीच लागते.

हिशेबनीस · १३ जून

२०२१ साली निघालेल्या पहिल्या बाटलीवर ४ टक्के नत्र लिहिले होते. ५०० मिलिलिटरचे ४ टक्के म्हणजे २० ग्रॅम. ४५ किलोच्या पोत्यात २० किलो ७०० ग्रॅम. पुढचे गणित ज्याचे त्याने करावे.

पिंजरवाली · १४ जून

रिकामी बाटली धुऊन मी वासरांना औषध पाजायला वापरणार होते, सासूबाईंनी हातातून काढून घेतली. बरे झाले.

दुसरे एक विचारायचे होते. पूर्वी धनगरांची बकरी शेतात बसवत. आमच्या माहेरी बकऱ्यांचा कळप तीन रात्री बसला की धनगराला भाताचे माप द्यायचे, असे ठरलेले होते. सकाळी शेतात पाऊल टाकले की लेंड्यांचा आणि मुताचा उग्र वास भपकन यायचा, आणि आजी म्हणायची, “आता पुढच्या सुगीपर्यंत काळजी नाही.” आता कोणी बसवते का?

जांभाकाठ · १४ जून

बसवतात, पण आगाऊ सांगावे लागते आणि धनगरांनाही वाटेत कुंपणे आडवी येतात. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या आधी चिखलात गाडावा. रयत संपर्क केंद्रात बियाणे सवलतीत मिळते, मात्र शेतकरी नोंदणीचा फ्रूट्स क्रमांक जवळ ठेवा.

काळीवाला · १६ जून

सर्वांचे वाचले, दोनदा वाचले. धैंच्याला यंदा उशीर झाला. ठरवले आहे ते असे: चौथे पोते नाही, आणि युरिया बंदही नाही. एका एकराचे चार पट्टे पाडतो. पहिल्यात नेहमीचे, तीन पोती युरियाच्या मापाने. दुसऱ्यात दोन पोत्यांच्या मापाने, पण तीन हप्त्यांत आणि पाणी काढून. तिसऱ्यात दुसऱ्यासारखेच अधिक पोटॅश. चौथ्यात दुसऱ्यासारखेच अधिक जस्त. विद्यार्थीसाहेब, जस्त किती आणि कसे?

मातीचा विद्यार्थी · १६ जून

एकरी दहा किलो झिंक सल्फेट या मापाने, शेवटच्या चिखलणीला. डीएपीत मिसळून टाकू नका, दोन्ही एकमेकांना बांधतात. तुमच्याकडे स्फुरद वर्षानुवर्षे जास्त पडले आहे, जमीन काळी आहे, म्हणून जस्ताची शंका मलाही आहे. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके येतात का, पाहा. हिमालयाच्या पायथ्याच्या तराई भागात याला खैरा म्हणत आणि तो बुरशीचा रोग समजला जाई. १९६० च्या दशकात पंतनगरला डॉ. य. ल. नेने यांनी ती जस्ताची कमतरता असल्याचे दाखवले. आणि दोन पट्ट्यांमध्ये बांध घाला, नाहीतर पाणी तुमचा प्रयोग एक करून टाकेल.

काळीवाला · ८ ऑगस्ट

लावणीला बावीस दिवस झाले. पहिल्या तिन्ही पट्ट्यांत खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आहेत, पान चोळले तर ठिपका बोटाला लागत नाही, पानातच मुरलेला आहे. असे ठिपके मी दर वर्षी पाहतो आणि दर वर्षी त्यावर युरियाची मूठ जास्त टाकतो. चौथ्या पट्ट्यात शोधून दोन-चार पाने सापडली. बांधावर उभे राहिले तरी रंगातला फरक ओळखू येतो. काका रोज संध्याकाळी येऊन चौथ्या पट्ट्यापाशी उभे राहतात आणि काही बोलत नाहीत.

रानमोगरा · ८ ऑगस्ट

छायाचित्र टाका. काकांचेही चालेल.

काळीवाला · २ डिसेंबर

मळणी झाली. पहिला आणि दुसरा पट्टा वजनात जवळजवळ सारखे उतरले, म्हणजे तिसरे पोते इतकी वर्षे हवेत आणि ओढ्यात जात होते. पहिला पट्टा ऑक्टोबरच्या पावसात निम्मा लोळला होता, दुसरा उभा होता. तिसऱ्या आणि चौथ्याचे वेगवेगळे वजन सांगता येत नाही, कारण मी चहा आणायला गेलो तेवढ्यात मळणी करणाऱ्या मुलांनी जागा वाचवायला दोन्ही ढीग एक केले. दोन्ही मिळून पहिल्या दोघांपेक्षा दीड क्विंटल जास्त भरले, त्यात पोटॅशचा वाटा किती आणि जस्ताचा किती ते देवाला ठाऊक.

हिशेबनीस · २ डिसेंबर

चहा या घटकाची नोंद आम्ही जूनमध्ये घ्यायला हवी होती. ओलावा मोजला होता का? लोळलेल्या भातात पाणी जास्त राहते, तसे असेल तर पहिल्या पट्ट्याचे वजन फुगलेले आहे.

काळीवाला · ३ डिसेंबर

मोजला नव्हता. पुढच्या वर्षी दोन वाळवलेली पोतीच तोलीन. आता मसूर पेरला आहे आणि मातीचा नमुना या वेळी माझ्या हाताने घेतला आहे. पिंजरवाली ताई, यंदाचे पिंजर अजून विकलेले नाही. तीन ट्रॉल्या आहेत. पैसे नकोत, उन्हाळ्यात दीड ट्रॉली कुजलेले शेणखत द्या.

पिंजरवाली · ३ डिसेंबर

ऊसवाले दर वाढवून देतो म्हणत आहेत. एक ट्रॉली देईन.

काळीवाला · ३ डिसेंबर

सव्वा.

पिंजरवाली · ३ डिसेंबर

सव्वा, पण ट्रॅक्टरचे भाडे तुमचे. आणि पिंजर भिजलेले असेल तर एकच.